घरच्या कोंबड्या आणि त्यांची अंडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कोंबड्या आहेत असं कळलं की लोक आधी अंडी मागतात आणि पुढे स्वतःच्या कोंबड्या आणल्या की प्रश्न पाठवतात. गेल्या दहा-बारा वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एका जागी लिहून ठेवली. माझ्याकडे कधी पाच, कधी अकरा कोंबड्या असतात. शेकड्याने पाळणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही. एक आधीच सांगते: "अंडं असं का आलं?" याचं उत्तर अंड्यात क्वचितच सापडतं, आदल्या दिवसांत कोंबडीवर काय गुदरलं त्यात ते असतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी मी उलट तुम्हालाच प्रश्न विचारले आहेत.

१. कोंबडा नसेल तर अंडी मिळतील का?

मिळतील, आणि तेवढीच मिळतील. कोंबडा लागतो तो पिल्लं हवी असली तर. चवीत फरक नाही. फोडून पाहिलंत तर बलकावर एक फिकट ठिपका दिसेल. अफलित अंड्यात तो नुसता डाग असतो, फलित अंड्यात त्याभोवती गोल कडं दिसतं.

२. तलंग (अंड्यावर यायची तरुण कोंबडी) साडेपाच महिन्यांची झाली, अजून एकही अंडं नाही. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. अंड्यांसाठीच तयार केलेल्या संकरित जाती १८ ते २० आठवड्यांत सुरू होतात. अंगाने भारी किंवा गावठी कोंबड्या २४ ते २८ आठवडे घेतात, कधी त्याहून जास्त. वयात येताना दिवस लहान होत चालले असतील, तर आणखी उशीर.

महिने मोजण्यापेक्षा कोंबडीकडे बघा. फिकट तुरा लालभडक होतो. ती उगाच कोपऱ्याकोपऱ्यात डोकावते, खोक्यात शिरून गवत इकडचं तिकडे करते. आणि सगळ्यात पक्की खूण: तुम्ही पाठीवर हात न्यायला गेलात की पळून जाण्याऐवजी ती पंख जरा फाकवून जमिनीला चिकटते आणि तशीच थांबते. ही बैठक खरं तर कोंबड्यासाठी असते. कोंबडा नसला की मान तुम्हाला मिळतो. ती सुरू झाली की आठवड्या-दोन आठवड्यांत अंडं येतं.

पहिली अंडी लहान असतात, कधी कवच कच्चं असतं. तीन-चार आठवड्यांत घडी बसते. तोवर घाई करून लेअर खाद्य, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, देऊ नका. त्यात भरपूर कॅल्शियम असतं आणि अंडी न घालणाऱ्या कोवळ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही.

३. निरोगी कोंबडीने रोज एक अंडं द्यायला हवं ना? माझी मधेच खाडा करते.

हिशेबच तसा आहे. अंडाशयातून बलक सुटला की पाव-अर्ध्या तासात तो अंडनळीच्या तोंडात येतो. पुढे साधारण ३ तास त्यावर पांढरा भाग चढतो, तासाभरात आतली पातळ आवरणं बसतात आणि मग कवच चढायला जवळजवळ २० तास जातात. एकूण झाले २४ ते २६ तास. पुढचा बलक सुटतो तो अंडं बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाने. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते, आणि कोंबडीचं शरीर दुपारनंतर सहसा बलक सोडत नाही. सरकत सरकत वेळ दुपारवर गेली की एक दिवस रिकामा जातो आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात होते.

मी एकदा हौसेने माझ्या काळी नावाच्या कोंबडीची नोंद ठेवली होती. सोमवारी सकाळी ७:४०, मंगळवारी ८:३०, बुधवारी ९:४५, गुरुवारी ११:२०, शुक्रवारी दुपारी २. शनिवारी काही नाही. रविवारी पुन्हा ७:३०. तिचा शनिवार चुकला असं तुम्हाला वाटतं. तिच्या घड्याळात काहीच चुकलेलं नसतं.

उत्तम संकरित कोंबडीचं चक्र २४ तासांच्या अगदी जवळ असतं, म्हणून ती आठवडेच्या आठवडे न चुकता देते आणि वर्षाला ३०० च्या घरात जाते. या सगळ्यांची मूळ आजी म्हणजे लाल रानकोंबडी. ती वर्षाला डझन-दीड डझनांवर भागवते. तुमची गावठी कोंबडी या दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे.

४. अंडं घातल्यावर एवढा आरडाओरडा कशासाठी?

यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, ती कळपापासून बाजूला पडलेली असते, म्हणून "कुठे आहात?" असं विचारते. दुसरं म्हणतं, घरट्यापासून लांब जाऊन ओरडलं की शिकाऱ्याचं लक्ष अंड्यावरून उडतं. मला पहिलं पटतं, कारण कळपातला कोंबडा बहुतेक वेळा ओरडून उत्तर देतो आणि ती त्या दिशेने चालू लागते.

अंडं घालण्याआधीच ओरडत असेल तर कारण वेगळं: तिला हवा असलेला खोका भरलेला आहे (प्रश्न ५). शेजाऱ्यांच्या तक्रारीवर खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही. बहुतेक अंडी सकाळीच येतात, त्यामुळे उशिरापर्यंत खुराडं बंद ठेवलं तर आवाज आतल्या आत राहतो, एवढंच.

५. चार खोके ठेवलेत, पण सगळ्या एकाच खोक्यासाठी भांडतात. का?

जिथे आधीच अंडं आहे ती जागा सुरक्षित ठरलेली आहे, असं कोंबडीचं साधं गणित. म्हणूनच चार-पाच कोंबड्यांना एक खोका पुरतो. माझ्याकडे दोघी एकमेकींवर बसलेल्या असतात, तिसरी दारात खोळंबलेली, आणि शेजारी दोन स्वच्छ खोके रिकामे.

लाडका खोका कोणता ते बघून बाकीचे तसेच करा. साधारण ३० सेंटीमीटर लांब-रुंद-उंच, अंधारा, तळाशी जाड गवत किंवा भुस्सा. खोका रात्री बसायच्या दांडीपेक्षा खाली हवा. उंच ठेवलात तर त्यातच झोपतील आणि सकाळी अंडी विष्ठेत लोळलेली मिळतील. रिकाम्या खोक्यांत लाकडाचं किंवा संगमरवरी खोटं अंडं ठेवा. गोल्फचा चेंडूही चालतो. कोंबडी फसते.

६. अंडी धुवून ठेवावीत का? किती दिवस टिकतात?

नका धुऊ. अंडं बाहेर येतं तेव्हा ओलसर असतं आणि मिनिटभरात सुकतं. तो सुकलेला पातळ थर कवचावरची हजारो सूक्ष्म छिद्रं बुजवतो. धुतलंत की तो थर गेला. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. फार बरबटलेलं असेल तर अंड्यापेक्षा किंचित गरम पाण्याने धुवून लगेच वापरा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. गार पाणी वापरू नका. आतलं आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

न धुतलेलं अंडं थंड जागी दोन-तीन आठवडे सहज राहतं, फ्रीजमध्ये त्याहून बरंच जास्त. पाण्यात टाकून बघायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे: ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. पण त्यातून कळतं ते वय, म्हणजे आतली हवेची पोकळी किती वाढली ते. नासलं आहे की नाही, ते वेगळं फोडून नाकानेच ठरवायचं.

आणि हो, कालचं अंडं उकडलं तर सोलताना त्याच्या चिंध्या होणारच. उकडायला आठवड्याभरापूर्वीचं घ्या. खुराड्यातून आल्यावर हात साबणाने धुवा, विशेषतः मुलांचे. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या पोटातही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

७. कवचाचा रंग कशावर ठरतो? तपकिरी अंडं जास्त पौष्टिक का?

रंग जातीवर ठरतो आणि पोषणाशी त्याचा संबंध नाही. तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत वरून चढतो, म्हणून कवच आतून पांढरंच असतं. निळ्या अंड्याचा रंग कवचात आरपार मुरलेला असतो. कानाची पाळी पांढरी तर अंडं पांढरं, पाळी लाल तर तपकिरी, हा ठोकताळा बऱ्याचदा जमतो, पण त्यावर पैज लावू नका.

एक कोंबडी जन्मभर एकाच रंगाची अंडी घालते; छटा तेवढी बदलते. हंगामाच्या शेवटी तपकिरी फिकट होतो, विश्रांतीनंतर पुन्हा गडद. बलकाचा रंग मात्र पूर्णपणे खाण्यावर. हिरवा पाला, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या मिळाल्या की केशरी, नाहीतर फिका.

८. अंडी अचानक बंद झाली. कोंबडी आजारी आहे का?

हा मला सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. आजार ही शंका शेवटी घ्या. आधी हे बघा.

अंडी खरंच बंद झालीत, की तुम्हाला मिळायची बंद झालीत? मोकळी सोडलेली कोंबडी बिनबोभाट दुसरीकडे घरटं करते. माझी तांबडी अडीच आठवडे "बंद" होती. सरपण रचलेलं होतं त्यामागे १४ अंडी निघाली, नीट गोल मांडलेली. शोधायची रीत अशी: दोन दिवस सगळ्यांना दुपारपर्यंत कोंडून ठेवा. तिसऱ्या दिवशी एकटीला मधल्या वेळी सोडा आणि लांबून पाळत ठेवा. तुम्ही बघताय हे तिला कळलं तर ती तिकडे जाणारच नाही, शहाजोगपणे माती उकरत बसेल. घरटं सापडलं की सगळी अंडी उचलू नका. एकावर पेन्सिलने खूण करून ते तिथेच ठेवा, नाहीतर ती जागा बदलते आणि पुन्हा शोधाशोध. मग काही दिवस उशिरा सोडून खोक्याची सवय लावा.

कुणी खातंय का? मुंगूस, उंदीर, साप. किंवा कोंबडी स्वतः (प्रश्न १५). साप कवचही ठेवत नाही.

पाणी होतं का? अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर तरी लागतं, उन्हाळ्यात दुप्पट. एक दुपार भांडं उपडं पडलेलं राहिलं तरी पुढचे काही दिवस अंडी बिनसतात. भांडं उपडं झाल्याचं आपण संध्याकाळी सरळ करतो आणि विसरतो. चार दिवसांनी अंडी कमी झाली की तो प्रसंग आठवतही नाही.

घाबरली का? कुत्रा मागे लागला, जागा बदलली, नवी कोंबडी आली (प्रश्न १६). दिवस लहान झालेत का (प्रश्न ९)? पिसं गळताहेत का (प्रश्न १०)? खोक्यातून उठतच नाही का (प्रश्न ११)? खाण्यात नुसतं धान्य आणि उरलंसुरलंच जास्त जातंय का? अंडी घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाणं लागतं आणि त्यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत. धान्याने पोट भरतं, अंडं तयार होत नाही.

हे सगळं ठीक असेल आणि तरी ती अंग फुगवून, शेपूट पाडून, डोळे मिटून एका जागी उभी असेल, तर मग पशुवैद्याकडे न्या.

९. दिवस लहान झाले की दिवा लावावा का?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात; इथे उलटं आहे, तांबडं उशिरा फुटलं की अंडं राहतं. जोमाने अंडी यायला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. हा उजेड कोंबडी फक्त डोळ्यांनी मोजत नाही. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या पेशींना थेट कळतो, त्यामुळे आंधळी कोंबडीही ऋतू ओळखते.

दिवा लावायचाच तर मंद, आणि पहाटे लावा. संध्याकाळी लावलेला दिवा पटकन विझला की त्या असतील तिथे अडकतात. अंधारात त्यांना जवळजवळ काही दिसत नाही आणि दांडी सापडत नाही. वेळ आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा आणि एकदा सुरू केलात की खंड पाडू नका. मधेच बंद केलात तर अवेळी पिसं झडतील. मी लावत नाही. वर्षातले दोन-तीन महिने अंडी कमी आली तर माझं काही अडत नाही, आणि तेवढी विश्रांती त्यांना मानवते.

१०. पिसं झडून कोंबडी भकास दिसतेय. रोग आहे का?

वर्षातून एकदा कात टाकल्यासारखी ती पिसं बदलते. सुरुवात डोक्यामानेकडून, मग पाठ, छाती, पंख, शेपूट. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात, त्यामुळे शरीर अंडी थांबवून सगळा माल तिकडे वळवतं. दोन ते चार महिने अंडी विसरा. भराभर झडून आठवड्यात अर्धी उघडी पडणारी कोंबडी बहुधा चांगली अंडी देणारी असते. रेंगाळत झडणारी तितकीशी नाही.

या काळात प्रथिनं वाढवा आणि तिला उचलू नका. नव्या पिसांच्या काड्यांत रक्त वाहत असतं, दाबल्या की दुखतं.

झडण्याची जागा बघा म्हणजे कारण कळेल. फक्त पाठीचा मधला भाग उघडा असेल तर तो कोंबड्याचा प्रताप. शेपटीच्या बुडाशी टोचून काढल्यासारखं असेल तर मैत्रिणींचा. गुदद्वाराभोवती पिसांच्या मुळाशी पांढुरक्या पुंजक्यांसारखं काही असेल तर ती उवांची अंडी आहेत.

११. कोंबडी दिवसभर खोक्यात, हात लावला की फुगून गुरगुरते. काय झालं?

खुडूक झाली. अंडी उबवायची लहर आली की शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, अंडी थांबतात आणि ती ठाण मांडते. खाली अंडं असायलाच हवं असं नाही. गोटा असला तरी चालतं, काहीच नसलं तरी चालतं. छातीची पिसं उपटून ती उघडी कातडी अंड्यांना भिडवते. दिवसातून एकदाच उठते, घाईघाईने खाते, पिते, धुळीत लोळते, एकच मोठी दुर्गंधी विष्ठा टाकते आणि परत. बाकीच्या कोंबड्या वाटेत आल्या तर त्यांना टोचते.

सोडून दिलंत तर तीन आठवडे, कधी महिनाभर चालतं. मधल्या काळात ती रोडावते, उवा वाढतात. मोडायची तर पोटाला गारवा मिळायला हवा. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, गवत न घालता, पिंजरा जमिनीपासून उचलून, उजेडात ठेवा. खाणंपाणी भरपूर द्या. तीन-चार दिवसांत उतरते. सोडल्यावर पुन्हा खोक्याकडे धावली तर आणखी दोन दिवस. पाण्यात बुचकळणं, उपाशी ठेवणं हे सांगणारे खूप भेटतील. त्याने कोंबडी आजारी पडते आणि खुडूकपण तसंच राहतं. त्यानंतर अंडी सुरू व्हायला दोन-तीन आठवडे जातात.

१२. मग बसू द्यावं का? माझ्याकडे कोंबडा नाही.

बसू द्यायचं तर फलित अंडी दुसरीकडून आणा. सगळी एकाच दिवशी, रात्रीच्या अंधारात तिच्या खाली सरकवा आणि पेन्सिलने खूण करा, कारण बाकीच्या कोंबड्या संधी साधून आपली अंडी त्यात घालतात. २१ दिवसांनी पिल्लं येतात. आठ-दहा अंड्यांहून जास्त ठेवू नका; कडेची गार पडतात.

एक फसवी गोष्ट. कोंबडा काढून टाकला तरी पुढचे दोन-तीन आठवडे फलित अंडी येऊ शकतात, कारण कोंबडी शुक्राणू शरीरात साठवून ठेवते. "कोंबडा महिन्यापूर्वी गेला नि आज पिल्लू कसं?" याचं उत्तर हेच, आणि मधले २१ दिवस मोजायला विसरू नका.

१३. कवच पातळ येतं, कधी नुसती पिशवीच. कॅल्शियम तर देतो.

एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि ते चढतं मुख्यतः रात्री, कोंबडी झोपलेली असताना. पोटात कमी पडलं तर ती हाडांतून काढते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, जरा जाडसर, म्हणजे रात्रभर हळूहळू विरघळत राहील. खाद्यात मिसळू नका. जिला हवा ती आपणहून खाते. अंड्यांची कवचंही चालतात, पण भाजून बारीक कुस्करून. अंड्यासारखी दिसणारी अर्धी कवचं टाकणं म्हणजे प्रश्न १५ ला आमंत्रण.

उन्हाळ्यात कॅल्शियम भरपूर असूनही कवच पातळ येतं, त्याचं कारण वेगळं. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचातला कार्बोनेट ज्यातून बनतो तो कच्चा मालच रक्तात कमी पडतो. इथे चुरा वाढवून उपयोग नाही. सावली, वारा आणि गार पाणी द्या.

पहिली आणि म्हातारपणीची अंडी मऊ येणं चालायचंच. कवच सुरकुतलेलं, पांढरा भाग पाण्यासारखा आणि कळपात शिंका, असं एकत्र दिसलं तर मात्र श्वसनाचा संसर्ग समजा आणि पशुवैद्याला दाखवा.

१४. दोन बलकांचं, बोराएवढं, अंड्यात अंडं, रक्ताचा ठिपका… ही अंडी खावीत का?

खावीत. दोन बलक म्हणजे दोन एकाच वेळी सुटले. नव्या तलंगांत हे बरंच होतं. बोराएवढं बिनबलकाचं अंडं म्हणजे नळी फसली, एखादा कण बलक समजून त्यावर कवच चढवलं. अंड्यात अंडं तेव्हा, जेव्हा तयार अंडं उलटं वर सरकतं आणि त्यावर पुन्हा थर चढतो. रक्ताचा ठिपका बलक सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटल्याचा. चमच्याने काढून टाका.

अपवाद एकच: रबरासारखा, कापल्यावर थरांचा, घाण वासाचा गोळा. ते अंडं नव्हे, अंडनळीतला साठलेला पू आहे. तो फेका आणि कोंबडी दाखवून आणा.

१५. स्वतःचीच अंडी फोडून खाते. सवय मोडते का?

लवकर लक्ष दिलं तर मोडते. सुरुवात बहुधा अपघाताने होते: कवच पातळ, गवत कमी, अंडं फुटलं, चव लागली. दिवसातून दोनदा-तीनदा अंडी उचला, गवत जाड करा, खोका आणखी अंधारा करा, कवचं सुधारा (प्रश्न १३), प्रथिनं तपासा. दोन-तीन खोटी अंडी ठेवा. कडक अंड्यावर चोच आपटून कंटाळतात. अंड्यात मोहरी-तिखट भरायचा सल्ला सगळे देतात. कोंबडीला तिखट झोंबतच नाही, पक्ष्यांच्या जिभेला ते लागत नाही. जुनी खोड असेल तर उतरत्या तळाचा खोका हाच उपाय, ज्यात अंडं घरंगळून मागे जातं.

१६. दोन नव्या कोंबड्या आणल्या, जुन्या त्यांना रक्त येईतो टोचतात.

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. थोरलाइफ शेल्डेरूप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने ती १९२१ मध्ये मांडली. लहानपणापासून तो घरच्या कोंबड्यांकडे बघत बसायचा. नवी आली की सगळी उतरंड पुन्हा ठरते.

एकटी कधीच आणू नका, निदान दोघी आणा. दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा. कुठला रोग असेल तर तेवढ्यात कळतो. मग जाळीच्या आडून आठवडाभर एकमेकींना दिसू द्या. एकत्र करताना खाण्यापिण्याची भांडी दोन-दोन ठिकाणी आणि लपायला आडोसे. एखादी ठोकर, थोडी पळापळ चालू द्या. रक्त दिसलं की मात्र त्याच क्षणी जखमीला बाजूला काढा. लाल रंगावर सगळ्या तुटून पडतात, त्यात वैर नसतं पण जीव जातो.

१७. दुपारी उन्हात एक पंख पसरून मेल्यासारखी पडली होती!

ऊन खात होती. पहिल्यांदा बघताना काळजाचं पाणी होतं, माझंही झालं होतं. धुळीत लोळणं हीही रोजची गरज आहे. माती पिसांत भरून झटकली की उवा आणि जादा तेल निघतं. कोरड्या मातीचा खड्डा ठेवा, पाऊस लागणार नाही असा.

१८. अंडं अडकलंय हे कसं ओळखू?

ती पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, शेपूट वरखाली हलवत कुंथते, खात नाही, खोक्यात आत-बाहेर करते आणि काही येत नाही. पोट बुडेल इतक्या कोमट पाण्यात २०-३० मिनिटं बसवा, पुसून ऊबदार अंधाऱ्या खोलीत ठेवा, बाहेरून थोडं तेल लावा. आतलं अंडं दाबून फोडू नका. कवचाचे तुकडे आत जखमा करतात. काही तासांत आलं नाही तर पशुवैद्य. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मागून लाल मांसल भाग बाहेर लोंबत राहिला असेल तर तो वेगळा प्रकार आहे. तिला ताबडतोब एकटी करा (कारण प्रश्न १६ मध्ये) आणि दवाखाना गाठा. अंडं घालताना क्षणभर ओला गुलाबी भाग दिसून परत आत जाणं मात्र अगदी बरोबर आहे. तसं होतं म्हणूनच अंड्याला विष्ठा लागत नाही. औषध दिलंत तर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

१९. पाचांपैकी अंडी देत नाही ती कोण, हे कसं कळेल?

रात्री दांडीवरून उचला, तेव्हा शांत असतात. देणारीचं गुदद्वार मोठं, ओलसर, फिकट. न देणारीचं लहान, सुकं, गोल. त्याखाली दोन बारीक हाडांची टोकं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर देतेय, एकच बसत असेल तर नाही. पिवळ्या कातडीच्या जातींत आणखी मजा आहे: अंड्यांबरोबर पिवळा रंग उतरत जातो, आधी गुदद्वार, मग डोळ्याभोवतीचं कडं, चोच बुडापासून टोकाकडे, आणि शेवटी पाय. पाय पांढरे पडलेली कोंबडी कित्येक महिने राबलेली असते.

२०. कोंबडी आरवायला लागली. असं होतं का?

वय पाच महिन्यांच्या आत असेल तर ती कोंबडी नाही. विकणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो, कमरेवरची पिसं टोकदार आणि लोंबती आहेत का बघा.

अंडी घातलेली कोंबडी आरवत असेल तर बहुधा कळपात कोंबडा नाही आणि तिने मुखत्यारपण घेतलंय. अंडी चालूच राहतात. क्वचित प्रकार तिसरा. कोंबडीचं डावं अंडाशयच काम करतं, उजवं अर्धवट राहिलेलं असतं. डावं आजाराने निकामी झालं की स्त्री-संप्रेरक घटतं, उजवं वृषणासारखं वाढू शकतं, आणि पुढच्या पिसं झडण्यानंतर तिला कोंबड्याची पिसं येतात. ती अंडी घालायची थांबते.

२१. किती वर्षं अंडी देते? थांबल्यावर काय द्यायचं?

पहिली दोन वर्षं भराची, पुढे दर वर्षी कमी, अंडी मोठी आणि कवच पातळ. आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षं, काही दहाच्या पुढे जातात. बलक "संपतात" हा गैरसमज आहे. जन्मतःच हजारो असतात, बहुतेक कधी पिकतच नाहीत.

अंडी थांबली की लेअर खाद्यातलं कॅल्शियम तिला नकोसं होतं, कारण प्रश्न २ मधलंच. सगळ्यांना कमी कॅल्शियमचं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा, असं केलं की एकाच खुराड्यात दोघींचं भागतं. माझी ढोली नऊ वर्षांची आहे. दिवस मोठे झाले की वर्षाकाठी दोन-तीन अंडी घालते, वेडीवाकडी, आणि त्यानंतर दहा मिनिटं ओरडते.